वाहिन्यांची निगा : शरीरातील, झाडातील आणि गावातील

सोलापूर जिल्हा हा अवर्षणप्रवण पट्ट्यातील जिल्हा. वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तोही बेभरवशाचा. त्यामुळे पाणी साठविण्याचे प्रयत्न येथे फार पूर्वीपासून झाले. शहराच्या उत्तरेस आदिला नदीवर बांधलेला एकरुख तलाव १८७१ मध्ये पूर्ण झाला. लोक त्याला हिप्परगा तलाव म्हणून ओळखतात. पुढे १९८० मध्ये भीमा नदीवरील उजनी धरण पूर्ण झाले आणि कालांतराने धरणाचे पाणी शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या जलवाहिनीने शहरापर्यंत आले. साठ्याची चर्चा आपण नेहमी करतो. परंतु साठलेले पाणी ज्या नळातून, पाटातून वा नळीतून वाहत येते, तिच्या प्रकृतीची चौकशी मात्र ती फुटल्यावरच होते.

‘जलवाहिनी’ हा शब्द मराठीत दोन ठिकाणी भेटतो. पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात त्याचा अर्थ पाण्याचा मोठा नळ; शाळेतील विज्ञानाच्या पुस्तकात त्याचा अर्थ मुळाकडून पानाकडे पाणी नेणारी वनस्पतीची सूक्ष्म नलिका. शरीरातील नलिकांना आपण रक्तवाहिन्या म्हणतो. हे साम्य केवळ नावापुरते नाही. या तिन्ही वाहिन्यांचे आरोग्य ज्या गोष्टींवर अवलंबून असते, त्या बऱ्याच अंशी समान आहेत.

अरुंदपणाची किंमत

फ्रान्समधील प्वाझय हे शरीरशास्त्रज्ञ होते. बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसे वाहते, हे समजून घेण्यासाठी त्यांनी १८४० च्या सुमारास काचेच्या केसासारख्या नळ्यांतून द्रव वाहविण्याचे प्रयोग केले. जर्मनीतील हागेन यांनीही त्याच काळात स्वतंत्रपणे तसाच निष्कर्ष काढला. तो असा की, दाब तोच ठेवून नळीची त्रिज्या निम्मी केली तर प्रवाह निम्मा होत नाही. तो सोळाव्या हिश्श्यावर येतो. त्रिज्या केवळ एक दशांशाने घटली तरी प्रवाह सुमारे एक तृतीयांशाने कमी होतो.

हा नियम संथ आणि एकसारख्या वाहणाऱ्या द्रवाला लागू पडतो. गावच्या मोठ्या नळात पाणी भोवरे घेत वाहते, म्हणून तेथे हिशेब थोडा निराळा होतो. तरीही व्यास निम्मा झाला तर तेथे जेमतेम सहावा हिस्सा प्रवाह उरतो. नळीच्या आत साचलेला पातळ थर डोळ्यांना किरकोळ वाटतो, पण त्याने होणारे नुकसान किरकोळ नसते.

शरीरातील व्यवस्था

विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ माणसाचे हृदय दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त पुढे ढकलते. हृदयातून निघणारी महारोहिणी सुमारे अडीच सेंटिमीटर व्यासाची असते. तिच्या शाखा बारीक होत होत केशवाहिन्यांपर्यंत पोचतात. केशवाहिनी इतकी अरुंद असते की तांबड्या पेशींना तिच्यातून एकामागून एक, कधी अंग चोरून, जावे लागते. रक्त शरीरात फिरून पुन्हा हृदयाकडे येते, हे इंग्लंडचे वैद्य विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये दाखवून दिले. जोडणाऱ्या केशवाहिन्या इटलीचे माल्पिघी यांनी १६६१ मध्ये सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या.

रोहिणीच्या आतील भिंतीवर मेदाचा थर साचू लागला तर वर्षानुवर्षे त्रास जाणवत नाही; पोकळी बरीच भरल्यानंतर छातीत दुखू लागते. पायातील नीलांमध्ये रक्त माघारी येऊ नये म्हणून झडपा असतात. दीर्घकाळ उभे राहून काम करणाऱ्यांमध्ये, मग तो मागावरील कामगार असो वा वर्गातील शिक्षक, या नीलांवर ताण पडतो. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते आणि नीला फुगून वेड्यावाकड्या दिसू लागतात.

डाळिंबाचे मर रोगाने जाणे

झाडाला हृदय नाही. तेथे पाणी खालून ढकलले जात नाही, तर मुख्यतः वरून ओढले जाते. पानांतून बाष्प बाहेर पडते आणि पाण्याचे कण परस्परांना धरून असल्यामुळे जलवाहिनीतील अखंड धागा वर खेचला जातो. ही उपपत्ती डिक्सन आणि जोली यांनी १८९४ मध्ये मांडली. धागा अखंड असेल तोपर्यंतच हे चालते. जमिनीत ओल नसताना ताण वाढला की नलिकेत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नलिका निकामी होते.

सोलापूरच्या डाळिंब बागायतदारांना वाहिनी बंद पडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. या जिल्ह्याच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र २००५ पासून सोलापुरातच आहे. या पिकाच्या मोठ्या शत्रूंपैकी एक म्हणजे मर रोग. सेरॅटोसिस्टिस ही जमिनीतील बुरशी मुळांतून शिरते आणि जलवाहिन्यांत पसरते. प्रथम एखादी फांदी पिवळी पडते, नंतर संपूर्ण झाड वाळते. खोड आडवे कापले असता लाकडात करड्या-तपकिरी रंगाचे पट्टे दिसतात. वाफ्यात ओल असते, पण ती पानापर्यंत पोचत नाही. झाड सुकते म्हणून शेतकरी आणखी पाणी देतो, आणि मुळाशी साचलेली ओल रोगाला अधिकच पोषक ठरते.

मुळे पोखरणारे सूत्रकृमी आणि खोडाला बारीक छिद्रे पाडणारे भुंगेरे या रोगाला वाट करून देतात. म्हणून निरोगी रोपे वा गुट्या घेणे, निचऱ्याची जमीन निवडणे, झाडांत पुरेसे अंतर ठेवणे, छाटणीची अवजारे निर्जंतुक करणे आणि रोगट झाडाखालून वाहणारे पाणी शेजारच्या झाडाकडे जाऊ न देणे, हेच खरे उपाय. वाहिन्या भरल्यानंतर झाड वाचविणे फार कठीण असते.

ठिबकची नळी

हेच तत्त्व ठिबक संचालाही लागू आहे. तोटीतील पाण्याची वाट जेमतेम एक मिलिमीटरची, कित्येकदा त्याहूनही अरुंद असते. विहिरीचे पाणी जड असेल तर तीत क्षाराचा थर बसतो. तलावाच्या पाण्यातून शेवाळ येते. गाळणी नियमित धुणे, उपनळ्यांची टोके उघडून पाणी सोडणे आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने ठरावीक काळाने आम्लप्रक्रिया करणे आवश्यक आहे. आम्ल नेहमी पाण्यात सावकाश ओतावे. पाणी आम्लात कदापि ओतू नये. ओळीतील पहिल्या आणि शेवटच्या तोटीखाली भांडे ठेवून दोहोंचे पाणी मोजले, तर संचाची प्रकृती कोणालाही कळू शकते.

गावची नळयोजना

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी घरातील नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले. नळ टाकला की काम संपले, असा समज मात्र होता कामा नये. योजना हाती आल्यावर तिची देखभाल ग्रामपंचायतीकडे येते.

येथे एक धोका विशेष ध्यानात घेतला पाहिजे. पाणी सतत वाहत असते तेव्हा नळात दाब असतो; गळती असली तरी पाणी आतून बाहेर जाते. पाणीपुरवठा काही तासांचा किंवा काही दिवसांच्या अंतराने असेल, तर पुरवठा थांबताच सखल भागातील नळांतून पाणी निघून जाते आणि वाहिनीत पोकळी निर्माण होते. मग त्याच भेगेतून बाहेरचे पाणी आत ओढले जाते. भेगेशेजारी गटार असेल तर गटाराचे पाणी आत येते. नळाला थेट मोटार लावणारा ग्राहक केवळ शेजाऱ्याचे पाणी पळवीत नाही. तो ही ओढ वाढवून सर्व गल्लीच्या पाण्यात घाण शिरण्याचा मार्गही मोकळा करतो. अतिसार, कावीळ आणि विषमज्वर यांच्या साथींचे मूळ कित्येकदा अशा एखाद्या न दिसणाऱ्या भेगेत असते.

करावयाची कामे फार खर्चाची नाहीत. वर्षातून एकदा, पावसाळ्यापूर्वी, नळ गटाराला कोठे ओलांडतो ते पाहून त्याची यादी करावी. झडपांच्या खड्ड्यांत पाणी तुंबू देऊ नये. बिनतोटीच्या नळांना तोट्या बसवाव्यात. उंचावरील हवा-झडपा चालू आहेत ना, हे तपासावे. वाहिनीत अडकलेली हवा प्रवाह रोखते. जलसुरक्षकाने क्लोरीनची चाचणी टाकीपाशी करून थांबू नये, तर वाहिनीच्या अगदी शेवटच्या घरी करावी. तेथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन आढळले पाहिजे. टाकीपाशी ते पुरेसे आणि शेवटच्या घरी शून्य असेल, तर वाटेत काहीतरी बिघडले आहे असे समजून शोध घ्यावा.

शिक्षकांनाही या कामी मोठा वाटा उचलता येईल. दोन जाडीच्या पोकळ नळ्या, एक बादली आणि घड्याळ एवढ्या साहित्यात अरुंद नळीने प्रवाह किती घटतो, हे विद्यार्थ्यांना वर्गात दाखविता येते. ज्या मुलाने हे स्वतः मोजले आहे, त्याला गावच्या नळाची गळती आणि घरच्या ठिबकची बुजलेली तोटी या क्षुल्लक बाबी वाटणार नाहीत. आणि ग्रामसभेत पाण्याचा विषय निघेल तेव्हा साठा किती, या प्रश्नाबरोबरच शेवटच्या घरी किती आणि कसे पोचते, हाही प्रश्न विचारला जाईल.