रस्ता दोघांचा

पुणे हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. आज तेथे मोटारींचे राज्य असले, तरी शाळकरी मुले, कामगार, वर्तमानपत्रे टाकणारी पोरे अजून सायकलवर दिसतात. रस्ता दोघांनाही तोच. तेव्हा दोघांनीही थोडा हिशेब समजून घेतला पाहिजे.

धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. ताशी 30 किलोमीटर वेगाने तेवढ्यात मोटार 8 मीटर पुढे जाते आणि कोरड्या रस्त्यावर आणखी सुमारे 5 मीटरांवर थांबते. वेग दुप्पट केला की पहिले अंतर दुप्पट होते, पण दुसरे चौपट! म्हणजे एकूण 13 मीटरांचे 36 मीटर होतात.

सायकलस्वारानेही ध्यानी धरावे की, लांब ट्रक किंवा बस डावीकडे वळताना तिची मागची चाके पुढच्या चाकांच्या मार्गाने जात नाहीत. ती कोपऱ्याच्या अधिक जवळून आत येतात. ती बाजू चालकाला आरशातही पुरती दिसत नाही. म्हणून चौकात अशा गाडीच्या डाव्या अंगाला न शिरता मागेच थांबावे.

मोटारीचे दार उघडण्यापूर्वी मागे पाहावे. दाराकडचा हात सोडून दुसऱ्या हाताने कडी ओढली, की मान आपोआप मागे वळते.

दोन मिनिटे उशीर झाला तर घरी बोलणी खावी लागतील, एवढेच. घाई केली, तर बोलणारी माणसे वाट पाहत राहतील.