एका रेघेचा फरक



योकोहामात कांजी शिकताना चहाचं अक्षर मला चटकन ओळखू यायला लागलं होतं. शेजारच्या आजोबांच्या मुलाची चिठ्ठी आली, त्यात ते दिसलं. वाटलं, चहाचं बोलावणं! आभाराचा फोन लावणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, एक रेघ जास्त आहे." शब्द होता 'दाबी', म्हणजे दहन. आजोबा गेले होते.

मग त्या अक्षराच्या मागेच लागलो. चिनीत आज त्याचा उच्चार 'थू'. अर्थ कडू भाजी, तसाच गवताचा पांढरा तुरा. पूर्वी चहालाही हेच अक्षर होतं. ८व्या शतकात, थांग राजवटीत, एक रेघ गाळून चहाचं वेगळं अक्षर रूढ झालं. त्याचा उच्चार 'छा', फूच्येनच्या किनाऱ्यावर 'ते'. आपला 'चहा' पहिल्यातून आला. इंग्रजांचा 'टी' दुसऱ्यातून, डचांमार्फत.

जुनं अक्षर बौद्ध अनुवादकांनी आपल्याकडच्या ध्वनींसाठी ठेवलं: 'मंडल'मधल्या 'ड'साठी, आणि पाली 'झापेति' (जाळणे) वरून आलेल्या 'दाबी'साठी.

दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो. मुलाने काही न बोलता समोर चहाच ठेवला.

कळावे,
एक योकोहामाकर