स्वतःचे छायाचित्र काढताना चेहरा धूसर का येतो?

कोलकात्याच्या प्रिन्सेप घाटावर संध्याकाळच्या वेळी हुगळी नदी आणि विद्यासागर सेतू यांच्या पार्श्वभूमीवर स्वतःचे छायाचित्र काढणाऱ्यांची गर्दी हमखास आढळते. कोणी हात लांब करून मोबाइल धरतो, तर कोणी कठड्यावर कॅमेरा ठेवून टायमर लावतो आणि धावत जाऊन उभा राहतो. घरी आल्यावर तेच छायाचित्र मोठ्या पडद्यावर पाहिले, की पुलाच्या तारा एकेक मोजाव्यात इतक्या स्पष्ट आणि स्वतःचा चेहरा मात्र धूसर, असा अनुभव अनेकांना येतो. असे झाले की सर्वप्रथम कॅमेऱ्याला दोष दिला जातो. वास्तविक बहुतेक वेळा दोष अंतराचा असतो. छायाचित्र काढणारा आणि ज्याचे काढायचे तो, हे दोघे एकच असल्यामुळे फोकस करण्याच्या क्षणी चौकटीत माणूसच नसतो.

ही अडचण छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे रॉबर्ट कॉर्नेलियस यांनी १८३९ साली स्वतःचे छायाचित्र घेतले. जगातील अगदी सुरुवातीच्या आत्मचित्रांमध्ये त्याची गणना होते. त्यात ते चौकटीच्या मध्यभागी नसून एका बाजूला सरकलेले दिसतात. चौकट पाहायला कॅमेऱ्यामागे दुसरे कोणी नसले, की असे होणारच.

भारतात ही कला लवकर रुजली. मुंबईत १८५४ साली आणि कोलकात्यात १८५६ साली छायाचित्रकारांच्या संस्था स्थापन झाल्या. बंगालशी निकटचा संबंध असलेले त्रिपुराचे महाराज वीरचंद्र माणिक्य हे या कलेचे निस्सीम उपासक होते. त्यांनी १८८० च्या सुमारास महाराणी मनमोहिनी यांच्यासमवेत काढलेले स्वतःचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. लांब तारेच्या साहाय्याने शटर उघडून ते घेतले गेले, असे सांगितले जाते. महाराजांचे निधन १८९६ साली कोलकात्यातच झाले. त्यांच्या या छायाचित्राला हल्ली भारतातील पहिली सेल्फी म्हटले जाते. मात्र त्या काळच्या कॅमेऱ्याची रचना पाहता त्यामागे किती पूर्वतयारी लागत असेल, याकडे फारसे लक्ष दिले जात नाही.

त्या कॅमेऱ्याच्या मागील बाजूस दुधी काच असे. छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड ओढून त्या काचेवर उमटलेली उलटी प्रतिमा पाही आणि भिंग पुढेमागे सरकवून ती स्पष्ट करी. त्यानंतर काचेच्या जागी संवेदनशील पट्टिका बसवली, की पुढे काहीही दिसत नसे. म्हणजे स्वतःचे छायाचित्र काढायचे असेल, तर आपल्या जागी दुसऱ्या कोणाला तरी बसवून किंवा एखादी वस्तू ठेवून फोकस आधीच निश्चित करणे भाग होते. नंतर नेमक्या त्याच जागी येऊन बसायचे आणि हलायचे नाही. व्यक्तीने हलू नये म्हणून अनेक स्टुडिओंत मानेमागे लोखंडी आधार लावला जात असे.

आजच्या कॅमेऱ्यालाही हीच पद्धत लागू पडते. टायमर लावून बटण दाबले, की अनेक कॅमेरे त्याच क्षणी समोर जे असेल त्यावर फोकस करतात आणि तो कायम ठेवतात. त्या वेळी समोर असतो तो पूल किंवा पलीकडचा किनारा. दहा सेकंदांनी आपण चौकटीत येतो तेव्हा कॅमेऱ्याचा निर्णय केव्हाच होऊन गेलेला असतो. यावर उपाय सोपा आहे. आपण जेथे उभे राहणार तेथे पिशवी, छत्री किंवा खुर्ची ठेवावी, तिच्यावर फोकस करावा, मग स्वयंचलित फोकस बंद करून हाताच्या फोकसवर यावे. जमिनीवर खडूने खूण करून पायाची बोटे तिच्यावर ठेवली, तर अंतर चुकण्याचा प्रश्न उरत नाही. सोबत कोणी असल्यास त्यालाच काही क्षण उभे करावे. दुधी काचेच्या जमान्यातही हेच केले जात असे.

आता पुढचा प्रश्न असा, की खुणेपासून थोडे पुढेमागे झाले तर किती बिघडते? त्याचे उत्तर भिंगाच्या छिद्रावर, म्हणजेच अ‍ॅपर्चरवर अवलंबून आहे. पूर्ण आकाराच्या सेन्सरचा कॅमेरा, ५० मिलिमीटरचे भिंग आणि दोन मीटर अंतर असे गृहीत धरू. छिद्र एफ/१.८ इतके मोठे ठेवल्यास स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम १७ सेंटिमीटरचा असतो. किंचित मागे रेलले, की डोळे त्याबाहेर गेले. तेच छिद्र एफ/८ केले, तर हा पट्टा साधारण ८० सेंटिमीटरचा होतो. पार्श्वभूमी विरघळवून टाकणारी मोठ्या छिद्राची चित्रे आकर्षक दिसतात हे खरे, पण एकट्याने काम करणाऱ्याने त्या मोहात न पडलेले बरे.

प्रिन्सेप घाटावर चेहरा आणि पूल दोन्ही स्पष्ट हवे असतील, तर २४ मिलिमीटरचे रुंद भिंग घ्यावे, छिद्र एफ/८ ठेवावे आणि फोकस सुमारे अडीच मीटरवर लावावा. मग साधारण सव्वा मीटरपासून थेट क्षितिजापर्यंत सर्व काही पुरेसे स्पष्ट येते. आपण दोन-तीन मीटरवर कुठेही उभे राहिलात तरी चालते. पुलावर फोकस करण्याची गरजच उरत नाही.

छिद्र लहान केले की प्रकाश कमी पडतो आणि शटर अधिक वेळ उघडे ठेवावे लागते. दुर्गापूजेच्या मंडपात रात्री हीच अडचण येते. सेकंदाच्या पंधराव्या भागात माणूस नकळत डुलतो आणि फोकस अचूक असूनही चेहरा पुसट होतो. अशा वेळी आयएसओ वाढवून शटर सेकंदाच्या साठाव्या, शक्य तर १२५ व्या भागापर्यंत आणावे. चित्रात थोडे दाणे दिसले तरी हरकत नाही. दाणेदार चित्र पाहता येते, हललेल्या चित्राला उपाय नाही.

आरशातील छायाचित्राची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे भलेभले फसतात. आपण आरशापासून एक मीटरवर उभे असलो, तर आपले प्रतिबिंब आरशाच्या तितकेच मागे असते. त्यामुळे कॅमेऱ्याला फोकस दोन मीटरवर करावा लागतो. कॅमेरा मात्र अनेकदा आरशाची चौकट, त्यावरचे डाग किंवा कडेला चिकटवलेली टिकली पकडतो. मग टिकली ठसठशीत आणि चेहरा धूसर. आरसा पुसून घ्यावा आणि पडद्यावर स्वतःच्या डोळ्यावर बोट टेकवून फोकस करावा.

मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याचे भिंग आणि सेन्सर अगदी लहान असल्याने त्याचा स्पष्ट पट्टा मोठा असतो. म्हणूनच अनेक फोनमध्ये हा फोकस कारखान्यातच हाताच्या अंतराच्या आसपास कायमचा बसवलेला असतो. अशा फोनमध्ये पडद्यावर कितीही बोट दाबले तरी फोकस बदलत नाही. फोन फार जवळ आणल्यास चेहरा धूसर होतो, तेव्हा हात लांब करणे हाच मार्ग. अ‍ॅपलने २०२२ च्या आयफोन १४ मालिकेत पुढच्या कॅमेऱ्यालाही स्वयंचलित फोकस दिला. इतर काही कंपन्यांच्या फोनमध्येही तो मिळतो. अर्थात, सर्वांत सामान्य कारण याहून साधे असते: भिंगावरील बोटाचा तेलकट ठसा.

कोलकात्यात, तसेच मुंबई आणि कोकणातही, याला दमट हवेची जोड मिळते. वातानुकूलित मेट्रोतून किंवा खोलीतून बाहेर पडताच थंड भिंगावर बाष्प जमते आणि सारे चित्र दुधाळ दिसते. पुसले तरी ते पुन्हा जमते. कॅमेरा बंद पिशवीतच ठेवून दहा-पंधरा मिनिटे थांबावे. भिंग बाहेरच्या तापमानाला आले की बाष्प आपोआप नाहीसे होते.

हा विषय केवळ हौसेचा राहिलेला नाही. निवृत्तिवेतनधारकांना चेहरा ओळखून हयातीचा दाखला देण्याची सोय केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू केली. बोटांचे ठसे झिजलेल्या वृद्धांना तिचा मोठा आधार आहे, परंतु चेहरा अस्पष्ट असेल तर ओळख पटत नाही आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा लागतो. भिंग स्वच्छ कापडाने पुसावे. खिडकीकडे पाठ न करता तोंड करून बसावे, म्हणजे प्रकाश चेहऱ्यावर येतो. कोपर टेबलावर टेकवून फोन डोळ्यांच्या उंचीवर, हातभर अंतरावर धरावा. हात थरथरत असल्यास फोन पुस्तकांच्या चळतीला टेकवून उभा करावा.