खडीखालचा लव्हाळा

जालना जिल्ह्याला पाण्याची टंचाई नवी नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात तर पिण्याच्या पाण्याचीच मारामार होती. हिरवळीला पाणी कोण घालणार? तेव्हा शाळेपुढच्या किंवा घरापुढच्या मोकळ्या जागेत हिरवळीऐवजी खडी पसरावी आणि मधूनमधून कण्हेर, कोरफड, घायपात लावावी, ही कल्पना इकडे फार सोयीची वाटते. एकदा खडी टाकली की काम संपले, असा आपला समज असतो. पण मृगाचा पाऊस पडून पंधरा दिवस होतात न होतात तोच खडीतून हिरव्या सुया डोके वर काढतात. हा लव्हाळा.

खडी म्हणजे दगड. दगडाखाली गवत दबून मरावयास हवे. ते उलट फोफावते कसे? मित्रांनो, याचे उत्तर वनस्पतिशास्त्रात जितके आहे, तितकेच भौतिकशास्त्रातही आहे.

एक प्रयोग करून पाहा. दोन सारखे पत्र्याचे डबे घ्या. दोन्हींत सारखीच काळी माती भरा, सारखेच पाणी घाला. एका डब्यात मातीवर दोन इंच खडीचा थर द्या. दोन्ही डबे उन्हात ठेवून रोज संध्याकाळी त्यांचे वजन करा. उघड्या मातीच्या डब्याचे वजन भराभर घटते, खडीच्या डब्याचे सावकाश. असे का होते? मातीच्या कणांमधील फटी अतिशय बारीक असतात. कंदिलाच्या वातीतून तेल चढावे तसे त्या फटींतून पाणी वर चढते. यालाच केशाकर्षण म्हणतात. खडीतल्या फटी मात्र इतक्या रुंद असतात की पाण्याला त्यांतून चढताच येत नाही. त्याची वाफ व्हावी आणि ती खडीतल्या स्थिर हवेतून हळूहळू बाहेर पडावी, एवढा एकच मार्ग उरतो. म्हणजे कण्हेरीसाठी आपण जी ओल राखली, तिच्यावर लव्हाळ्याचीही सोय झाली!

उन्हाचेही तसेच. वैशाखात काळ्या खडीवर अनवाणी पाय टेकवत नाही, पण तीच खडी हाताने बाजूला सारून खालच्या मातीला स्पर्श करा. ती पुष्कळ थंड लागेल. खडीत अडकलेली हवा उष्णतेची दुर्वाहक आहे. आपण लव्हाळ्याच्या डोक्यावर छप्परच घातले म्हणावयाचे.

या छपराखाली तो जगतो कशावर? त्याची शिदोरी जमिनीत असते. लव्हाळ्याच्या मुळांशी काळपट, सुवासिक गाठी असतात आणि बारीक दोरीत मणी ओवावेत तशा त्या एकमेकींना जोडलेल्या असतात. प्रत्येक गाठीत पिठूळ अन्न साठवलेले असते. त्या अन्नावर कोंब अंधारातून वाढत राहतो. अंधार असेपर्यंत त्याची पाने मिटून टोकदार सुईसारखी राहतात. उजेड लागला की ती उलगडतात. खडीच्या फटींतून वाट काढावयास याहून चांगले हत्यार कोणते? खडीखाली काळे प्लॅस्टिक अंथरले तर ही सुई तेही भोकसून बाहेर येते. लेरॉय होम व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली जगातील सर्वांत त्रासदायक तणांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात पहिला क्रमांक आपल्या या लव्हाळ्याला मिळाला, तो उगाच नव्हे.

आता वरवर उपटण्याचा परिणाम पाहा. माळेच्या टोकाची गाठ फुटलेली असते तेव्हा मागच्या गाठी बहुधा झोपलेल्या राहतात. खुरप्याने माळ तुटली की त्याही जाग्या होतात, आणि एकाच्या जागी चार कोंब येतात. हे पाहून पुष्कळजण हात टेकतात. पण येथे हिशेब समजून घ्यावा. नवा कोंब येतो तो गाठीतली शिल्लक खर्चून. त्याची पाने पुरेशी वाढून उन्हात अन्न तयार करू लागली की शिल्लक पुन्हा वाढते, आणि थोड्याच आठवड्यांत नव्या गाठीही धरतात. म्हणून पावसाळाभर दर दोन आठवड्यांनी, तीनचार पाने दिसताच कोंब काढावा. एकदाही खाडा नको. गाठीला खर्च चालू आणि कमाई बंद. एका हंगामात हे खाते संपत नाही, दोनतीन पावसाळे धीर धरावा लागतो.

घाई असेल तर आपला उन्हाळा मदतीला आहे. एप्रिलमध्ये खडी बाजूला करावी, वीतभर खणून ढेकळे उलथावीत आणि सापडतील तेवढ्या गाठी वेचाव्यात. शेतकरी हराळीच्या काशा वेचतात ना, तसेच. उरलेल्या पुष्कळशा गाठी आठदहा दिवसांच्या कडक, कोरड्या उन्हात वाळून मरतात. खोल राहिलेल्या मात्र वाचतात.

दुसरी रीत १९७६ साली इस्राएलमधील याकोव कातान व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केली. त्यांचे लक्ष्य जमिनीतील रोगकारक बुरशी हे होते, पण ती तणांवरही चालते. माती सपाट करून एकदा भिजवावी, वर पातळ, पारदर्शक प्लॅस्टिक ताणून कडा मातीत गाडाव्यात आणि चारसहा आठवडे तसेच ठेवावे. ऊन प्लॅस्टिकमधून आत जाते व माती तापते. बाहेर निघू पाहणारी उष्णता प्लॅस्टिक आणि त्याच्या आतल्या बाजूचे पाण्याचे थेंब अडवतात. काळे प्लॅस्टिक स्वतःच तापते, माती तेवढी तापत नाही. आणखी एक गंमत म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकखाली उजेड असल्याने लव्हाळ्याची सुई तेथेच उलगडते, तिला भोक पाडता येत नाही आणि पाने आतल्या आत होरपळतात.

काहीजण खडीवर मीठ टाकतात. तसे करू नका. मिठातल्या सोडियममुळे आपल्या काळ्या मातीची घडण मोडते, ती चिकट होते, आणि मग कण्हेरही जगत नाही.

गाजर गवताची गोष्ट वेगळी. ते खालून येत नाही. उन्हाळ्यातल्या वाऱ्याने शेतातली धूळ खडीत साचते, त्या धुळीतच त्याचे बी रुजते. एका झाडाला हजारो बिया धरतात, म्हणून फुलावर येण्यापूर्वीच ते हातमोजे घालून मुळासकट उपटावे. अंगाला लागले तर अनेकांना खाज सुटते. आणि चारपाच वर्षांनी एकदा खडी उचलून चाळणीने चाळावी. चाळणीखाली किती माती जमते ते मोजून पाहाच.