वाण ते पूर्णा : वऱ्हाडातल्या नावेचा मागोवा

सोनाळ्याजवळून नाव काढावी, वाणेतून पूर्णेत, चांगदेवला तापीत आणि तिथून थेट खंबातच्या आखातात. नकाशावर ही वाट अखंड दिसते, पण ती कुणी धरल्याचं ऐकिवात नाही. सातपुड्यातून वारीजवळ मैदानात उतरणारी वाण पावसाळ्यात दगडगोटे लोटत धावायची आणि उन्हाळ्यात तिच्या पात्रातून खुशाल बैलगाडी न्यावी. पूर्णेचंही फार वेगळं नव्हतं. त्यामुळे इकडे नाव म्हणजे भोयांचा डोंगा, आणि डोंग्याचं काम एवढंच की पुरात अडलेल्या माणसाला पैलतीरी सोडायचं. नदी आडवी ओलांडायची, तिच्या प्रवाहाने गावोगाव जायचं नाही.

वऱ्हाडचा कापूस मात्र नावेत बसला होता, तोही गंगेच्या. रेल्वे येण्याआधी बंजाऱ्यांचे तांडे तो बैलांच्या पाठीवर लादून मिर्झापूरला नेत आणि पुढे गंगेतून तो कलकत्त्याला जाई. 1825-26 मध्ये विकाजी आणि पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी सुमारे 500 बैलांवरून माल मुंबईकडे धाडला, तेव्हा पश्चिमेची वाट उघडली. बैलाच्या चालीने जाणारा हा माल वाटेत धुळीने माखे, पावसात भिजे.

पाण्याचा खरा घाट घातला तो ब्रिटिश अभियंते सर आर्थर कॉटन यांनी. गोदावरी, प्राणहिता आणि वर्धेतून आगबोटी चालवून वऱ्हाड-नागपूरचा कापूस पूर्वेच्या समुद्रावर न्यायचा, असा त्यांचा बेत. वाटेत खडकांवरून वेगाने धावणाऱ्या प्रवाहाचे तीन अडथळे होते. गोदावरीवर दुम्मगुडेमला बंधारा आणि कालव्याचं काम झालंही. पण 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, 1870 मध्ये जलंबहून खामगावला कापसासाठीच फाटा निघाला, आणि 1871 मध्ये गोदावरीची योजना गुंडाळली गेली. कॉटन यांचा हट्ट वेडा नव्हता. पाण्यावरची वाहतूक स्वस्त पडतेच. पण जी नदी वर्षातले कित्येक महिने आगबोटीला पाणीच देत नाही, तिच्यावर बाजारपेठ उभी राहत नाही. रेल्वे बारमाही होती.

पुढचं थोडक्यात. पूर्णेवर येरळीला, खिरोड्याला पूल झाले आणि डोंग्याची गरज संपली. मोठ्या पुरात पुलावरून पाणी गेलं की शेगाव-संग्रामपूरची वाट अजूनही तुटते, पण तेव्हा लोक पाणी ओसरायची वाट पाहतात. डोंगा हाकणारा हात आता कुठे मिळणार?

गंमत अशी, की नावेची गरज संपल्यावर बारमाही पाणी आलं. वारीला वाणेवर धरण झालं, हनुमान सागर. ज्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही, तिथल्या गावांना हे पाणी नळाने जातं; संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांची 140 गावांची योजना याच पाण्यावर आहे. शेजारी अंबाबरवा अभयारण्य, म्हणजे मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग. पिण्याचं पाणी आणि वाघाचं रान असलेल्या जागी मोटारबोटींचा धुडगूस नकोच, असं मला वाटतं. वल्ह्याची नाव ही निराळी गोष्ट. विदर्भातल्या कितीतरी धरणांवर मासेमार थर्माकोलच्या तराफ्यावर किंवा फुगवलेल्या ट्यूबवर बसून जाळी टाकतात. धड नाव त्यांच्या वाट्याला येत नाही.

कागदावर मात्र पाण्याला बरे दिवस आहेत. 2016 च्या कायद्याने तापी राष्ट्रीय जलमार्ग झाली, हतनूर धरणापासून खाली. म्हणजे पूर्णेचं पाणी जिथे अडतं, तिथून तो सुरू होतो. शिवाय वाटेत उकाई धरण आडवं आहेच. 2021 चा अंतर्देशीय जहाज कायदा जास्त उपयोगी आहे. बिनयंत्राच्या नावांची नोंद पंचायतीच्या पातळीवर व्हावी, अशी सोय त्यात आहे.

नांदुरा तालुक्यात पूर्णेवर जिगाव धरणाचं काम कित्येक वर्षं रखडत चाललं आहे. ते भरलं की इथे पूर्णेच्या काठी मोठा जलाशय दिसेल. पर्यटनाच्या बोटींचे ठेके तेव्हा निघतीलच. त्याआधी संबंधित ग्रामपंचायतींनी नावांची नोंदवही उघडावी, आणि पहिली नावं भोयांची आणि ज्यांची गावं पाण्याखाली जाणार त्यांची लिहावीत.