मैदानावरची गर्दी कशाने जमते?

फुटबॉलच्या सामन्याला तीस-चाळीस हजार माणसे का लोटतात, असे विचारले तर 'खेळ चांगला असतो म्हणून' असे उत्तर मिळते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. खेळ पाहायला सवड लागते आणि दारावर द्यायला पैसा लागतो.

धंदेवाईक फुटबॉल वाढला तो इंग्लंडात. १८५० च्या कायद्याने तेथील कापडगिरण्यांत स्त्रिया व मुले यांचे काम शनिवारी दुपारी दोनला थांबू लागले. त्यांच्यावाचून गिरणी चालेना, तेव्हा पुरुषांनाही हळूहळू अर्धा दिवस मोकळा मिळाला. पुढे १८८८ साली बारा संघांची फुटबॉल लीग निघाली. त्यांत सहा संघ लँकेशायरचे, सहा मिडलंड्सचे. लंडनचा एकही नव्हता. जेथे कामगार आणि त्याची शनिवारची दुपार, तेथे फुटबॉल! मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० साली मिळाली, हे जाणणाऱ्यांना सवडीचे मोल वेगळे सांगायला नको.

सवडीच्या जोडीला आपलेपणा असतो. संघ आपल्या गावाचा. हरला म्हणून कोणी त्याला टाकीत नाही. परंतु आपलेपणालाही मर्यादा आहे. १९४८-४९ च्या हंगामात लीगच्या सामन्यांना चार कोटींवर प्रेक्षक आले होते. १९८५-८६ मध्ये ते पावणेदोन कोटींच्याही आत आले. घरात दूरदर्शन आले, मैदाने मोडकळीस आली, दंगे वाढले. १९८९ साली हिल्सबरो येथील चेंगराचेंगरीत ९७ माणसे दगावली. त्यानंतर मोठ्या मैदानांत सर्वांना खुर्च्या आल्या, १९९२ साली प्रीमियर लीग आली आणि गर्दी परतली. पण तिकीटही भडकले.

२०१६ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूलच्या संघाने ७७ पौंडांचे तिकीट काढायचे ठरविले. तेव्हा ७७ व्या मिनिटाला हजारो प्रेक्षक उठून बाहेर पडले. संघ त्या वेळी दोन गोलांनी पुढे होता, तरीही! काही दिवसांतच मालकांनी क्षमा मागून दरवाढ मागे घेतली. संपाची रीत ज्यांना माहीत आहे, त्यांना हे सहज उमगेल.

म्हणून मैदान भरलेले दिसले की तेवढ्यावर समाधान मानू नये. पूर्वी येणारा कोण आता दाराबाहेर राहिला, तेही मोजावे.