टरफलं उचलायची कुणी?

एक ऑगस्टला, लोकमान्यांच्या पुण्यतिथीला, शाळेत एखादं पोर तावातावाने सांगतंच: टिळकांनी शेंगा खाल्ल्या नव्हत्या, म्हणून टरफलं उचलली नाहीत. टाळ्या पडतात. भाषण बहुतेक वेळा मॅडमनीच लिहून दिलेलं असतं. त्याच पोराचे पेपरात बेरजेच्या चुकीने दोन मार्क गेले, तर भर वर्गात ते उठेल? मी उल्हासनगरात गणित शिकवलं, आता अंबरनाथला घरी शिकवण्या घेते. असं उठलेलं पोर मी क्वचितच पाहिलं.

पण ते सोडूनही देत नाही. कॅम्प चारमधला कापडदुकानदाराचा एक मुलगा तास संपल्यावर सरांच्या टेबलापाशी घुटमळायचा. "सर, एकदा बघता का? माझीच बेरीज चुकत असेल." गिऱ्हाईक दुखवायचं नाही आणि हिशेबही सोडायचा नाही, हे त्याने गल्ल्यामागे बसून पाहिलेलं. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या कामगाराचा मुलगा मात्र थेट अर्ज घेऊन आला, 'विषय' आणि 'महोदय' सकट. वडील युनियनवाले! तोंडी बोलायचं नाही, कागद द्यायचा, हा त्यांच्या घरचा धडा. बदलापूरच्या मुलीकडून तिची काकू आली. आईबाप पहाटेच्या लोकलने मुंबईला जाणारे, शाळेच्या वेळात येणार कोण? काकूंनी आधी माझ्या गुडघ्याची चौकशी केली, पाऊसपाणी झालं, आणि जाता जाता दारातून, "आमची पोरगी हल्ली इतिहासाच्या तासाला रडते हो."

डच अभ्यासक गीर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवरून, वरिष्ठ-कनिष्ठांमधलं अंतर लोक किती गृहीत धरतात याचा निर्देशांक काढला. भारत 77, डेन्मार्क 18. 1986 मध्ये त्यांनी तोच विचार वर्गाला लावला: अंतर मोठं तिथे बोलणं शिक्षकापासून सुरू होतं आणि त्यांना चारचौघांत खोडून काढत नाहीत. पटतं. पण त्या 77 मध्ये दुकानदार, युनियनवाला आणि काकू एकाच पोत्यात जातात. शिवाय लोकलचं वेळापत्रक कुठल्याच निर्देशांकात बसत नाही.

मार्कांपुरता हा थेट न बोलण्याचा वळसा चालतो, कधी कधी गोडही लागतो. सर चूक सुधारतात, कुणाचं नाक कापलं जात नाही. थप्पड बसली, जातीवरून टोमणा आला, तर मात्र वळसा घेता घेता वर्ष संपतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने 2010 पासून मारहाण आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली आहे; पण अशी तक्रार घेऊन आलेल्या मुलाला घरूनच पहिला प्रश्न येतो, "तू काय केलं होतंस?"

बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचारानंतर 20 ऑगस्ट 2024 ला लोक रुळांवर उतरले. मग शाळाशाळांतल्या तक्रारपेट्यांची पुन्हा आठवण झाली. मी पाहिलेली एक पेटी बरोबर मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर, शिपायाच्या स्टुलाच्या वर टांगलेली. शिकवणीतल्या मुलींना विचारलं, कुणी चिठ्ठी टाकता का? "अक्षर ओळखतात ना, टीचर." मग दुसरी हसत म्हणाली, "आम्ही दुसऱ्या तुकडीतल्या मुलीकडून लिहून घेतो."